गुळव्याची जीभ

"बाई, विडा झाला का न्हाई? तिकडं काहील तापून बसली आसंल."

आण्णा उंबऱ्यात बसून पायताण चढवत होते. मी सोप्यात पानाचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते. चुना लावला, कात लावला, सुपारी टाकली, त्यांची तंबाखूची चिमूट टाकली. हे रोजचंच. दिवाळीच्या सुटीत घरी आले की त्यांचा विडा मीच करायची. त्या दिवशी मात्र माझ्या मांडीखाली कागदाची एक पुडी होती आणि तिच्यात बेडकीच्या पाल्याची चार हिरवी पानं होती. त्यांतली तीन मी बोटांनी चुरगाळली, विड्यात घातली आणि वरून जरा जास्तच कात लावून पान मुडपलं.

"आज तिखटपणा कमी केलायस वाटतं," आण्णा चावता चावता म्हणाले. "पान जून हाय का?"

"असंल," मी म्हणाले.

ते निघाले आणि त्यांच्या मागनं मीही निघाले. मला बघायचं होतं.

बेडकीचा पाला हे काही विष नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कुंपणावर चढणारा साधा वेल आहे. त्याचं पान चावलं की तासभर जिभेला गोड तेवढं कळत नाही. बाकी सगळं जागेवर असतं. मीठ खारट लागतं, चिंच आंबट लागते, कारलं कडू लागतं, मिरचीही झोंबते; मिरचीची ती चव नसतेच, ती भाजल्याची कळ असते. पण साखर तोंडात घातली की वाळू. आमच्या प्राध्यापकांनी दिवाळीआधी आम्हा सगळ्यांना एकेक पान चावायला लावलं होतं आणि मग चमचाभर साखर हातावर ठेवली होती. पोरींनी वर्ग डोक्यावर घेतला होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या क्षणी आण्णा आले होते.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील आदगोंडा नेजे, गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस उकळून गूळ कधी झाला हे जो ठरवतो तो गुळव्या. आमच्या नदीकाठच्या चार-पाच गावांत त्यांच्या जिभेला मान होता. आमच्याकडची जमीन पाणी पिऊन पिऊन खारी व्हायला लागली होती, आणि खाऱ्या रानातल्या उसाचा गूळ खारट उतरतो. किती खारट, कशानं खारट, यंदा रान बिघडतंय की सुधारतंय, हे आण्णा गुळाचा कण जिभेवर ठेवून सांगायचे. मातीचा नमुना तपासायला पाठवायची पद्धत तेव्हा होती, पण तो कागद आला तरी लोक तो घेऊन आण्णांकडे यायचे आणि विचारायचे, "तुमाला काय वाटतंय?"

मी वीस वर्षांची होते. सांगलीला वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चार दिवसांपूर्वी आण्णांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं की आता कॉलेज बास झालं, चिकोडीकडचं स्थळ आलंय, हंगाम संपला की लग्न.

"मला शिकायचंय, आण्णा."

"काय शिकायचंय? झाडाची नावं? ती मी बी सांगतो."

"तुम्हाला नावं ठाऊक आहेत. झाडाच्या आत काय चालतं ते ठाऊक नाही."

"मला कशाला ठावं पायजे? मला गूळ ठावं हाय. पुस्तक वाचून गूळ हुतोय व्हय कुणाचा? जीभ सांगती, हात करतोय. तुझ्या आज्ज्यानं मला कुठलं पुस्तक दिलं हुतं?"

आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. मी आत घट्ट होऊन बसले. माझा बेत अगदी सोपा होता. आण्णा गुऱ्हाळात गूळ चाखतील, तो गोड लागणार नाही, ते चार लोकांत म्हणतील, "आरं, आज काय झालं?" मग मी पुढं होऊन पुडी दाखवीन. म्हणीन, हे पान आहे, तासाभरात जीभ परत येईल, आणि हे तुमच्या जिभेला ठाऊक नव्हतं, माझ्या पुस्तकाला होतं. आण्णा हरले की मोठ्यांदा हसायचे. पत्त्यात हरले तरी हसायचे. हसतील आणि म्हणतील, जा, शीक. माझ्या मनात वाईट काही नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर थोडी खुन्नस होतीच.

गुऱ्हाळाशी पोचलो तर नेहमीपेक्षा जास्त माणसं. मला वाटलं होतं आमचाच ऊस असेल. पण त्या दिवशीची पाळी भूपाल मगदुमांची होती.

भूपालकाकांचं रान मी लहानपणापासून पांढरं बघितलेलं. उन्हाळ्यात वरती मिठाचा पापुद्रा धरायचा, आम्ही पोरं तो बोटानं उचलून चाटायचो. चार वर्षं त्या माणसानं बायकोला घेऊन रानातनं चर खणले, साठलेलं खारं पाणी ओढ्याला काढून दिलं. लोक वेड्यात काढायचे. चौथ्या वर्षी ऊस उभा राहिला. त्या उसाचा पहिला गूळ आज व्हायचा होता, आणि तो खारट निघतो की गोड, हे बघायला सगळे जमले होते.

काहिलीतला, म्हणजे चुलवाणावरच्या मोठ्या कढईतला, रस तांबूस होऊन बुडबुडत होता. भूपालकाका आण्णांच्या शेजारी येऊन उभे राहिले. उंच, वाळका माणूस. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"आण्णा, एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून काय बोलू नगा. खारट म्हणला तर मी खोडवं ठेवत न्हाई, त्याच बुडख्यावर दुसरं पीक धरत न्हाई. रान टाकतो आणि पोराकडं इचलकरंजीला मागावर जातो. माझ्यात आता आणखी चार वर्सं खणायची ताकद न्हाई."

"बघू की गा. हू तर दे आदी," आण्णा म्हणाले.

 पाला गोड मारतो, खारट मारत नाही. गुळात खारट थोडं तरी असतंच, आणि त्यातलं गोड काढून घेतलं तर राहतं काय? आण्णांना आज जगातला सगळ्यात गोड गूळ दिला असता तरी तो खारटच लागला असता. हे मला तिथं, काहिलीच्या वाफेत उभं राहून कळलं.

"आण्णा," मी जवळ जाऊन म्हणाले, "चूळ भरता का? विडा टाका ना."

"का ग?"

"असंच. चाखायचंय ना तुम्हाला."

"तीस वर्सं विडा खाऊन चाखतोय मी." त्यांनी चोथा थुंकला, तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली. पण पाल्याचा गुण चुळीनं जात नाही, हे मी वाचलेलं होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. भूपालकाका समोर होते, वीसेक माणसं समोर होती, आणि मी आण्णांच्या तोंडात काय घातलं ते सगळ्यांपुढे सांगायचं होतं. चार दिवस मनात शंभरदा घोकलेलं वाक्य. पण घोकताना त्यात भूपालकाका नव्हते. मला भीती वाटली. पाला कदाचित काम करणार नाही, असं मी मनाशी धरून बसले.

काहील उतरली. गूळ वाफ्यात, म्हणजे सिमेंटच्या उथळ हौदात, ओतला गेला. आण्णांनी लाकडी फावड्यानं तो घोटला. वास इतका गोड सुटला होता की शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले. आण्णांनीही नाक पुढं करून वास घेतला आणि मान हलवली. नाकाला पाला लागत नाही. नाकानं त्यांना सांगितलं होतं की गूळ चांगला आहे.

मग त्यांनी फावड्याच्या कडेचा कण घेतला, फुंकला आणि जिभेवर ठेवला.

त्यांचा चेहरा मी अजून बघते. कपाळ हललं नाही, ओठ हलले नाहीत. फक्त गळा थांबला. त्यांनी दुसरा कण घेतला. या वेळी डोळे मिटले.  भूपालकाका त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आण्णांनी डोळे उघडले आणि असं केलं जे त्यांनी कधीच केलं नव्हतं. फावडं भूपालकाकांपुढे धरलं.

"तू चाख आदी. तुझ्या रानाचा हाय."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"चाख म्हणतोय न्हवं."

भूपालकाकांनी बोटानं गूळ घेतला, तोंडात घातला. आण्णा त्यांच्या चेहऱ्याकडे असे बघत होते की डोळ्यांची पापणी लवत नव्हती. भूपालकाकांचे ओठ थरथरले, डोळे भरले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"गोड हाय," आण्णा म्हणाले. आवाज जरा बसलेला. मग मोठ्यानं म्हणाले, "गोड हाय गा भूपाल. खोडवं ठेव."

सगळ्यांचा एकदम गलका झाला. जो तो वाफ्यात बोट घालून चाखायला लागला, कुणीतरी भूपालकाकांच्या पाठीत थाप मारली. मी सुटले. पाला चालला नाही, मी मनात म्हणाले. कात जास्त झाला असेल, पानं जून असतील. हातातली पुडी मी चुलवाणाच्या तोंडाशी टाकली आणि ती जळताना बघितली.

मग बघते तर आण्णा तिथं नव्हते.

रसाचं दुसरं आधण चढलेलं असताना गुळव्या गुऱ्हाळ सोडून जात नाही. आण्णा तर पावण्यांच्या लग्नालाही कधी गेले नव्हते हंगामात. मी धावतच घरी आले. आई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती, घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात आण्णा जमिनीवर बसले होते आणि त्यांच्याभोवती सगळे डबे उघडे पडले होते. साखरेचा, मिठाचा, गुळाचा. चिंचेचं बोटुकही पुढ्यात होतं.

"बाई," ते वर न बघता म्हणाले, "ही साखरच हाय न्हवं?"

"हो."

"तू खाऊन बघ."

मी चिमूट तोंडात टाकली.

"गोड हाय?"

"हो, आण्णा."

त्यांनी मान हलवली, जणू मी निरोप आणला आणि तो त्यांना पोचला. "मला वाळू लागतीया," ते म्हणाले. "मीठ कळतंय. चिंच कळती. गोड तेवढं गेलं. नुसतं गोड. भूपालचा गूळ मला मिठाचा खडा लागला बग. त्याच्या तोंडाकडं बघून बोललो मी. तीस वर्सांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून बोललो."

"आण्णा, ऐका—"

"मला ठावं हाय हे कशानं झालं." त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मला वाटलं, त्यांना कळलं. "किती मुंग्या जाळल्या आसतील मी, बाई? चिपाडाच्या गंजीत मुंग्या, काहिलीत माशा, चुलवाणात किडं. सांजच्याला जीव मरत्यात म्हणून दिवस बुडायच्या आत जेवणारी आपण माणसं, आणि मी तीस वर्सं दिवसभर जाळत बसलोय. म्हाराज एकदा म्हणालं हुतं, आदगोंडा, ह्या धंद्याचं फळ येतंय. मी हसलो हुतो. आलं बग. ज्यानं केलं त्याच जागी आलं."

"तसं नाही आण्णा. मी सांगते—"

"तुजं कॉलेज कवा सुरू हुतंय?"

मी थांबले. "सोमवारी."

"जा," ते म्हणाले. "चिकोडीच्यांस्नी मी न्हाई म्हणून सांगतो. तुजं खरं हुतं. अंगातली विद्या काय खरी न्हाई. सकाळी हुती, आता न्हाई. पुस्तकाचं तसं न्हाई. त्ये उघडलं की जागेवर आसतंय. तू शीक."

मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते, फक्त सोडायचे होते. एका वाक्यात त्यांना त्यांची जीभ परत मिळाली असती आणि माझं कॉलेज गेलं असतं. मी उभीच राहिले. त्यांनी डब्यांची झाकणं एकेक करून लावली, फडताळात नीट ठेवली, आणि म्हणाले, "तुझ्या आईला बोलू नकोस." मी मान हलवली. तेवढंच केलं मी.

उद्या त्यांना आपोआप कळेल, असं मी मनाशी म्हटलं. सकाळी चहा घेतील, गोड लागेल, मग प्रश्नच मिटेल. ही माझी पळवाट होती आणि ती तशी बरोबरही होती. तासाभरात पाल्याचा गुण उतरणारच होता.

पण दुसऱ्या दिवशी मी उठून चूल पेटवली तेव्हा आण्णा चहा न घेता आंघोळ करून बस्तीत गेले होते. मुनिमहाराज त्या आठवड्यात गावात होते. आण्णांनी त्यांच्यापुढे बसून नियम घेतला. जन्मभर गोडाचा त्याग. गूळ नाही, साखर नाही, फळ नाही, खीर नाही, सणाची पोळी नाही. आमच्यात असा एखाद्या रसाचा त्याग करतात, त्याला मान असतो. आणि गुळव्याचं कामही सोडलं. गुऱ्हाळ एका चांगल्या गड्याच्या हाती दिलं, स्वतः शेताकडे बघायला लागले. लोकांना सांगितलं, मुंग्यांचं पाप नको. लोकांनी पाया पडून कौतुक केलं.

"गोड कशापायी सोडलासा?" आई विचारायची. "काम सोडलं ते समजलं मला. पर गोड का?"

"खाऊन खाऊन कटाळा आला," आण्णा म्हणायचे.

जी गोष्ट गेली असं त्यांना वाटत होतं, ती त्यांनी आपणच देऊन टाकली, म्हणजे ती हिरावून घेतल्यासारखी वाटू नये. हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा एवढंच समजलं की आता ते साखरेचा दाणा कधीच तोंडात घालणार नाहीत, त्यामुळे त्यांना आपोआप कधीच कळणार नाही. कळलं तर फक्त माझ्याकडून.

सोमवारी मी सांगलीला गेले. परीक्षा झाली की सांगीन, असं ठरवलं. परीक्षा झाली, मग वाटलं पदवी हातात येऊ दे. पदवी आली तेव्हा आण्णांनी गावभर पेढे वाटले आणि स्वतः एकालाही हात लावला नाही. मग एम.एस्सी., मग नोकरी. दर सुटीत घरी जायची आणि दर सुटीत न सांगता परत यायची. पुढं मी एका कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण साखरेचा तो प्रयोग मुलांकडून एकदाही करून घेतला नाही. अजूनही चहाचा पहिला घोट घेतला की मी थांबते आणि गोड लागतोय ना ते बघते. लागतो. आणि तो लागला की बरं वाटत नाही.

नऊ वर्षांनी आण्णांच्या घशात गाठ निघाली. तंबाखूनं. मिरजेच्या दवाखान्यात त्यांना तीस दिवस 'लाईट' दिली, म्हणजे किरणांचा उपचार केला. गाठ बसली, पण तोंड सगळं आतून भाजलं. लाळ सुकली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, चव गेली आहे, सगळीच गेली आहे. थोडी येईल कदाचित, पण या वयात खात्री नाही. मी रजा काढून गावाकडे येऊन राहिले.

एके दिवशी दुपारी सोप्यात त्यांना घोटभर आंबील भरवत होते. आई घरामागच्या परड्यात होती.

"चव लागत नसेल ना?" मी विचारलं.

"माती लागती. मीठ न्हाई, आंबट न्हाई, काय न्हाई." त्यांचा आवाज घोगरा झाला होता, शब्द तुटक यायचे. "डॉक्टर लई हळहळला बग. म्हणला, आजोबा, चव गेली तुमची. मी म्हणलो, माझी आदीच गेलीया. जी हुती ती नऊ वर्सामागं गेली. आता बाकीची गेली, तिचं काय एवढं." ते माझ्याकडे बघून किंचित हसले. "तुलाच ठावं हाय ते. दुसऱ्या कुणाला न्हाई."

वाटी मी खाली ठेवली. मी सांगितलं. विडा, पुडी, तीन पानं, चुलवाणात जाळलेलं चौथं पान, डब्यांपुढे मी गिळलेलं वाक्य, सगळं. रडले नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही असं तेव्हा वाटत होतं.

आण्णांनी वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "किती येळ ऱ्हातोय त्येचा गुण?"

"तासभर. फार तर दीड."

"मंजी भूपालचा गूळ..."

"गोडच होता. तुम्ही बरोबर बोलला होता."

"त्ये मला ठावं हाय. त्याचं तोंड बघिटलं हुतं मी." त्यांनी धोतराचा सोगा बोटांत धरला. "मंजी दुसऱ्या दिवशी म्हाराजाम्होरं बसलो, तवा..."

"तेव्हा जीभ परत आलेली होती, आण्णा."

"आणि त्येच्या फुडं?"

"तेव्हापासून लाईट देईपर्यंत ठीकच होती."

मला वाटलं ते रागावतील. मला ते हवंही होतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तर मी आज जरा तरी मोकळी असते. ते माझ्याकडे बघतही नव्हते, समोर परड्याच्या दाराकडे बघत होते.

"भाकरी गोड लागायची," ते म्हणाले.

"काय?"

"शाळूची भाकरी. घास जरा चावला की गोड लागायचा. मंजी तसा भास व्हायचा तोंडात. मला वाटायचं, मन चोरटं हाय. जीभ गेली, नियम घेतला, तरी मन आतल्या आत गूळ खातंय. लाज वाटायची. म्हणून मी चावत न्हवतो. घास तोंडात घातला की पाण्याबरोबर गिळायचो. नऊ वर्सं."

माझ्या तोंडून नको ते निघून गेलं. शिकवायची सवय. "आण्णा, भाकरी चावली की लाळेनं तिची साखर होते. ती खरंच गोड लागते. सगळ्यांना लागते."

"पुस्तकात हाय हे?"

"हो."

"कितवीच्या?"

मी वाटी उचलायला वाकले.

"कितवीच्या, बाई?"

"सातवीच्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग आईला हाक मारली आणि भाकरी मागितली. आई दचकून आत आली, म्हणाली, घशाला टोचंल, दुधात कुस्करून देते. ते म्हणाले, कोरडी आण. आईनं पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा आणून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला आणि चावायला लागले. प्रत्येक चावण्याला तोंड दुखून त्यांचे डोळे मिटत होते. आई माझ्याकडे बघत होती, मी आण्णांच्या चेहऱ्याकडे. असं कुणाच्या चेहऱ्याकडे बघत बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

"लागतंय का काही?" मी शेवटी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले, आणि चावत राहिले.